पाठ फिरवून बसलेला माणूस

"त्या सकाळी पाथरकर सर तलावाच्या पाळीवर साऱ्या गावाकडे पाठ करून बसले होते. ज्या माणसाने आयुष्यभर माणसांना रकान्यांत भरले, त्याला अखेर माणसांच्या डोळ्यांत पाहवेना. आपल्याकडच्या प्रत्यक्षार्थवादाचा अस्त मी त्या वाकलेल्या पाठीवर पाहिला."

हा उतारा विनायक टेंभेकर यांचा. सरांच्या स्मृतिग्रंथात त्यांनी तो लिहिला, मग एका चर्चासत्राच्या बीजभाषणात वाचला, आणि आता नवे संशोधक विद्यार्थी तो आपल्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात उतरवून घेतात. वाक्ये सुंदर आहेत, हे मला मान्य आहे. टेंभेकरांची वाक्ये एम.ए.च्या वर्गातही सुंदर असत. सरांनी पाठ केली होती, हेही खरे. पाठ किंचित वाकलेली होती, कारण पहाटेची थंडी होती आणि सरांनी स्वेटर आणला नव्हता. एवढे सोडले तर त्या उताऱ्यात खरे काही नाही. मी त्या पाळीवर होतो. टेंभेकर रस्त्यावर एसटीची वाट पाहत उभे होते. स्मृतिग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडेही लेख मागितला होता. मी तेव्हा दिला नाही, कारण शोकसभेत वाद घालू नये असे माझ्या आईचे मत होते. आता आई नाही, सरही नाहीत, आणि माझी साठी उलटून गेली आहे. हे प्रकरण त्या राहिलेल्या लेखाच्या जागी.

परंतु सुरुवात घरापासून केली पाहिजे, कारण सरांचे म्हणणे मला पटले ते वर्गात नव्हे. माझी घडण भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत झाली. सकाळचा भोंगा वाजला की रांगेतल्या सगळ्या क्वार्टरांतून एकाच वेळी सायकली बाहेर पडत, आणि दूर कोळशाच्या मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येई. वडील तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा आणि त्याला गेज लावायचे, हे त्यांचे काम. गेजचे एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही अटी पाळणारा भाग पुढे जाई, न पाळणारा लाल पेटीत पडे. तो कोणत्या कारागिराने केला, त्याची साहेबांशी किती ओळख, त्याच्या घरी आज काय दुःख आहे, यातले काहीच गेजला कळत नसे, आणि त्या न कळण्याचा वडिलांना विलक्षण अभिमान होता. तो अभिमान ते घरी घेऊन येत. आई लाखोळीच्या वरणाला फोडणी देता देता सांगे, "कमलाबाईच्या घरी पाल चुकचुकली म्हने, अन् दुसऱ्याच दिवशी तार आली." वडील जवसाच्या चटणीत तेल कालवत विचारत, "पाल तं रोजच चुकचुकते. तार रोज येते काय?" आई पळी आपटून म्हणे, "तुमचं ते गेज कारखान्यातच ठेवून येत जा. माह्या वरणात नका घालू." मग दोघेही हसत, पण वडिलांनी प्रश्न मागे घेतल्याचे मला आठवत नाही.

त्या प्रश्नामागे हौस नव्हती. आजोबा धानपट्ट्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गावात त्यांच्या स्पर्शाविषयी एक विधान प्रचलित होते: त्यांचा हात लागला की पाणी बाटते. हे विधान पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यावर विहिरी वाटल्या गेल्या, आणि एवढ्या काळात दोन घागरी शेजारी ठेवून ते तपासून पाहावे असे एकाही विद्वानाला वाटले नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी घरातले देव वैनगंगेत सोडले, आणि त्यांच्याबरोबर 'असं म्हणतात' हे शब्दही सोडले, असे वडील सांगत. म्हणून आज कोणी मला म्हणतो की लोकांच्या समजुतीला बाहेरची मोजपट्टी लावणे हा उर्मटपणा आहे, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो की ती समजूत कोणाच्या अंगावर पडते. ज्याच्या अंगावर पडते तो सहसा मोजपट्टीच मागतो.

एम.ए.ला मी समाजशास्त्र घेतले आणि पाथरकर सरांच्या वर्गात जाऊन पडलो. बुटका माणूस, पांढरा सदरा, खिशात नेहमी शिसपेन्सिल. पहिल्या तासाला त्यांनी सांगितले, "विशेषणं वहाणांबरोबर दाराबाहेर ठेवून या. जाताना घालून जा, माझी हरकत नाही." प्रत्यक्षार्थवाद म्हणजे काय, हे त्यांनी जितक्या सोप्या रीतीने सांगितले तितके मी नंतर कोणाकडूनही ऐकले नाही. जे पाहता, तपासता येते त्याच्याच बळावर ज्ञान उभे करावे. विधान असे करावे की ते खोटे ठरण्याची वाट मोकळी राहील. आणि पाहणारा बदलला तरी उत्तर बदलू नये. निसर्गाच्या अभ्यासात यशस्वी झालेली ही रीत माणसांच्या अभ्यासाला लावण्याचा ध्यास युरोपातल्या काही लोकांनी घेतला, आणि मग ती सगळ्या सामाजिक शास्त्रांत मुरली. अर्थशास्त्राने तिच्यातून तक्ते घेतले, मानसशास्त्राने बुद्धीच्या चाचण्या, राज्यशास्त्राने मतदारांचे कौल आणि आम्ही प्रश्नावली. तिने नुकसानही केले. जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची खोड तिनेच लावली, आणि राज्यकर्त्यांनी ती हाताशी धरून जिवंत माणसांना नमुने केले. सर हे लपवत नसत. पण माझ्या तरुणपणी वारे असे फिरले होते की चर्चासत्रात 'प्रत्यक्षार्थवादी' ही शिवी झाली होती, आणि ती देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एखादे तरी विधान कधी तपासून पाहिले होते.

एम.ए. झाल्यावर सरांना तलावांवर मासेमारी करून जगणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या पाहणीचे काम मिळाले, आणि त्यांनी मला व टेंभेकरांना बरोबर घेतले. सावली या तालुक्याच्या गावी उतरायचे, तिथून दुसऱ्या एसटीने आत जायचे, आणि फाट्यावरून धानाच्या बांधांवरून चालत गावात शिरायचे. दिवस धानकापणीनंतरचे होते. सकाळी तलावावर धुके इतके दाट असे की डोंग्यातला, म्हणजे लहान होडीतला, माणूस दिसत नसे. फक्त फेकलेल्या जाळ्याच्या कडेचे शिसे पाण्यावर पडल्याचा सर्रकन आवाज येई. आम्ही शाळेच्या एका खोलीत राहत होतो. जेवण सोमाजीच्या घरी: तांदळाची भाकर, सुक्या झिंग्यांची चटणी, आणि जाळे बरे लागले तर मरळीचा रस्सा. सोमाजी हा तलावावरच्या मंडळींचा म्होरक्या, उंच, खरखरीत आवाजाचा आणि अतिशय न्यायी माणूस. न्यायी हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्या न्यायीपणातूनच झाला.

पहिल्याच दिवशी आम्ही वाटे घालताना पाहिले. सगळ्यांनी मिळून पकडलेली मासळी पाळीवर ओतली गेली आणि पळसाच्या पानांवर तिचे सारखे वाटे पडले. सारखे म्हणजे दिसायला सारखे. कुठे एक मरळ मोठी, कुठे रोहूचे डोके. भांडण होऊ नये म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसला. दुसऱ्याने एका वाट्यावर हात ठेवून विचारले, "हा कोनाचा?" पाठमोऱ्याने न बघता नाव पुकारले, "लक्ष्मणचा." पुन्हा हात, पुन्हा प्रश्न, पुन्हा नाव. जे नाव पडले ते पडले. त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. सर ते पाहून एवढे हसले की सोमाजीला वाटले त्यांची थट्टा चालली आहे. सर म्हणाले, "सोमाजीभाऊ, हे मला पाच वर्षं वर्गात शिकवता आलं नाही."

"यात का शिकवाचं, सर? पाहून वाटा देल्लं का मानूस आपल्या साळ्याले मोठी मरळ देते."

गिरजाबाईचा पत्ता लावला तो टेंभेकरांनी. हे श्रेय मी त्यांना पूर्ण देतो. प्रश्नावली मिटून ते बायकांत जाऊन बसत, आणि तिथे त्यांना कळले की गावात एक बाई आहे जिचा नवरा याच तलावावर जाळे ओढत होता, आणि तो गेल्यापासून तिच्या नावाने वाटा पडलेला नाही. नियम साधा होता: जो जाळे ओढेल त्याला वाटा. गिरजाबाई ओढायला तयार होती. नवऱ्याचे जाळे तिच्या दारात टांगलेले होते. पण ती पाळीवर गेली त्या दोन-तीन खेपांना जाळी रिकामी आली, आणि गावाने निष्कर्ष काढला की तिचा पायगुण वाईट आहे. तिला पाळीवर बंदी झाली. पाळ नाही म्हणून जाळे नाही, जाळे नाही म्हणून वाटा नाही. ती धानाच्या रोवणीच्या मजुरीवर आणि दुसऱ्यांचे झिंगे विकून दिवस काढत होती.

सरांनी सोमाजीला विचारले. तो रागावला नाही. "सर, मले त्या बाईचा काई राग नाई. तिचा नवरा माह्या जोडीचा होता. पन हे आमी डोळ्यानं पायलं हाय. तिचा पाय पाळीवर टेकला का जाळं रितं. तुमी आमाले येडे समजून राह्यले काय?"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही मत सांगितलं असतं, तर मी लिहून घेतलं असतं आणि गेलो असतो. हे मत नाही, विधान आहे. विधान तपासायचं असतं."

त्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत आमचे भांडण झाले. टेंभेकरांचे म्हणणे असे, की पायगुण हे त्या लोकांचे अर्थविश्व आहे. त्याला आतून समजून घ्यावे. खरे-खोटे ठरवणारे आपण कोण? मी विचारले, "त्यांचं म्हणजे कुणाचं? वाटा नेणाऱ्यांचं की रिकाम्या हातानं परतणारीचं?" ते म्हणाले, "तू अजून कारखान्यातून बाहेर आलेला नाहीस." मी म्हणालो, "आणि तू ग्रंथालयातून." सर कंदिलाची काच पुसत होते. त्यांनी एवढेच विचारले, "विनायक, गिरजाबाईला काय हवं आहे? तिचा अर्थ लावलेला, की तिचा वाटा?" टेंभेकर म्हणाले, आणि हे त्यांनी स्मृतिग्रंथात लिहिलेले नाही, की तपासणीत योगायोगाने जाळी खरोखर रिकामी आली तर त्या बाईला आपण कायमचे बुडवू. आक्षेप खरा होता. सरांनी तो तसाच उचलला आणि सकाळी गिरजाबाईच्या अंगणात नेऊन ठेवला.

ती सूप पाखडत होती. पन्नाशीकडे झुकलेली, काटक, बोलायला धीट. तिने सगळे ऐकून घेतले आणि सूप खाली ठेवले. "सर, आता तरी माह्या हातात का हाय जे जाईल? गाव मनते ते मनतेच. तुमच्या खेळात निदान मले जितता येते." मग म्हणाली, "पन एक बात. मी हाव का नाई, हे सोमाजीले आधी समजाले नाई पायजे. त्यानं मले पायलं का त्याचा हातच ढिला पडते. जाळं फेकनारा तोच ना?"

तपासणीची रचना सरांनी केली. पण तिचा कणा या वाक्यात होता, आणि गावाने ती मान्य केली ती वाट्यांच्या रिवाजामुळे. पाळीवर बांबूच्या तट्ट्यांची खोप उभी राहिली. रोज पहाटे, पुरुष यायच्या आधी, गिरजाबाईच्या घरात ती आणि तिची जाऊ मिळून फोडलेला चिंचोका उडवायच्या: काळी बाजू वर आली तर गिरजाबाईने खोपीत जाऊन पाळीवर अनवाणी पाय टेकून बसायचे, पांढरी आली तर घरीच राहायचे. जाळी ओढून झाली की सोमाजीने मासळी पाहून सगळ्यांसमोर सांगायचे, ती आज आहे की नाही. मग तट्टा बाजूला करायचा. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत हे चालायचे. सरांनी आग्रहाने एक गोष्ट आधीच ठरवून घेतली: हरणे कशाला म्हणायचे. सोमाजी बहुतेक वेळा बरोबर निघाला तर गिरजाबाई पुन्हा पाळीचे नाव काढणार नाही. त्याचे सांगणे चिंचोक्याइतकेच खरे-खोटे निघाले, तर तिचे जाळे पाण्यात पडेल. "आन सबबी?" कोणीतरी विचारले. सर म्हणाले, "सबब जाळं फेकायच्या आधी सांगायची. ओढल्यावर नाही."

टेंभेकरांनी यात भाग घ्यायला नकार दिला आणि पहिल्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने निघायचे ठरवले. धुके पाण्यावरच असते; फाट्यावरून तलावाची उंच पाळ दिसते. त्यांना तिथून खोप दिसली, जमलेले गाव दिसले, आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड केलेले सर दिसले. मीही सरांना विचारले होते की असे का बसता. ते म्हणाले, "खोपीत कोण आहे हे मला दिसलं, तर ते माझ्या तोंडावर दिसेल. माझ्या तोंडावरून सोमाजी वाचेल. मलाही कळता कामा नये." सोमाजीने हे ऐकले. डोंगा ढकलता ढकलता तो म्हणाला, "बराबर हाय. वाटे घालताना आमी बी असेच बसतो." अख्ख्या गावाला त्या पाठीचा अर्थ कळला होता. अर्थ लावणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या आमच्या मित्राला तेवढा तो कळला नाही. आणि त्यांची एसटी आली.

पहिल्या दिवशी जाळी हलकी आली. सोमाजी म्हणाला, "हाय." तट्टा सरला; आत गिरजाबाई बसलेली होती. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. ती उठली आणि पदर सारखा करून घरी गेली. सर मात्र वळून म्हणाले, "एका दिवसावर विधान उभं राहत नाही आणि पडतही नाही." दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा हलकी, सोमाजी पुन्हा "हाय" म्हणाला, आणि खोप रिकामी निघाली. तिसऱ्या दिवशी खोपीतून खुडबुड ऐकू आली. सोमाजी मासळीकडे न पाहताच गरजला, "आज तं शंभर टक्के हाय!" सर पाण्याकडे पाहत ओरडले, "जाळ्यावरून सांगा, कानांवरून नको!" "जाळं बी तेच सांगून राह्यलं, सर!" तट्टा काढला, तो आत जावेची शेळी बांधलेली, तोंडात अंबाडीचा पाला. बायका हसता हसता पाळीवर बसल्या. सर बायकांवर चिडले, कारण शेळी रचनेत नव्हती. जाऊ म्हणाली, "सर, तिचा बी पायगुण पाहून घेतला."

गावे वादाने सहसा हलत नाहीत. पण त्या हसण्याने हे गाव थोडे हलले, असे मला वाटते. मात्र 'वाटते' हे मी तपासलेले नाही, म्हणून त्यावर माझा दावा नाही. दावा पुढच्यावर आहे. आठवडा सरता सरता एका सकाळी धुके लवकर विरले आणि जाळी अशी जड आली की डोंग्यावरच्या माणसांना हात लावायला आणखी दोघे पाण्यात उतरले. मरळी पाळीवर उड्या मारत होत्या. सोमाजीचा चेहरा उजळला. तो मोकळेपणाने म्हणाला, "आज ते नाई. पैज लावा." तट्टा बाजूला झाला. गिरजाबाई दोन्ही तळवे पाळीच्या मातीत रोवून बसली होती. ती म्हणाली, "सोमाजीभाऊ, मरळ मोठी दिसते."

"आज धुकं नोतं," सोमाजी हळूच म्हणाला.

"काल का नाई सांगितलं, का धुक्याचा पायगुण हाय म्हून?"

बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब कोणाला विचारावाच लागला नाही. सोमाजी जितक्या वेळा बरोबर निघाला होता, तितक्या वेळा चिंचोकाही निघाला असता. तो दोन दिवस जेवताना आमच्यात येऊन बसला नाही. आमच्या ताटात मात्र रोजच्याइतकीच भाकर येत राहिली.

टेंभेकर लिहितात की गावात बदल झाला तो त्यांनी बायकांत पेरलेल्या संवादामुळे, आणि सरांची तपासणी हा केवळ एक केविलवाणा नाट्यप्रयोग होता. त्यांच्या संवादाचा परिणाम मोजायला माझ्याकडे साधन नाही, त्यांच्याकडेही नाही, आणि म्हणूनच ते विधान कधी हरणार नाही. मी त्यांना एक असे विधान देतो जे हरू शकते. त्या गावात आजही ती घटना पाहिलेली माणसे आहेत; कोणीही एसटीने जाऊन विचारावे. बाजारानंतरच्या सकाळी गिरजाबाईने नवऱ्याचे जाळे खांद्यावर टाकून आणले आणि सगळ्यांबरोबर ओढले. मासळी पाळीवर ओतली गेली, पळसाची पाने मांडली गेली. त्या दिवशी पाठ करून बसायची पाळी सोमाजीची होती. एकेका वाट्यावर हात पडत गेला, एकेक नाव पुकारले गेले. मग एका वाट्यावर हात ठेवून लक्ष्मणने विचारले, "हा कोनाचा?" सोमाजी मागे न वळता म्हणाला, "गिरजाचा."